ठेंगणी धक्क्याला लागते

भट्टी पेटवून दोन दिवस झाले होते. बॉयलर अंगभर तापला होता, वाफेचा काटा हव्या त्या खुणेवर येऊन टेकला होता आणि धुराड्यातून धुराची सरळ वेणी वर चढत होती. सगळं जमून आलं होतं. थोरले आणि मिस्त्री तेवढे एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली होती आणि जमवायच्या यादीत ती कुणी धरलीच नव्हती.

आत्या सकाळपासून सातव्यांदा शिडी चढून वर आली आणि सुकाणूघराच्या दाराशी दम खात उभी राहिली. ती या दोघा भावांच्या मधली बहीण. बंदराच्या टेलिफोन केंद्रात तिची तीस वर्षं याची तार त्याला जोडून देण्यात गेली. निवृत्त होताना तिला वाटलं होतं, सुटले एकदाची. घरी येऊन बघते तर पुढ्यात तेच काम.

"तो म्हणतोय, निघताना एकदम ताण देऊ नकोस. पहिली दहा मिनिटं हळूच," ती म्हणाली.

थोरल्यांनी काचेवरून फडकं फिरवणं थांबवलं नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही पाठ ताठ, दाढी सकाळीच घोटलेली, कोटाची सगळी बटणं लावलेली. "सांग त्याला, टग चालवायला मला शिकवू नको म्हणावं."

"हे मी नाही सांगणार."

"मग सांग, बरं."

आत्या पुन्हा खाली गेली आणि तिने 'बरं' एवढंच सांगितलं. तार जोडताना मधली खरखर गाळायची असते, एवढं तर ती तीस वर्षांत शिकलीच होती.

ठेंगणीचं खरं नाव तिच्या कपाळावर पितळी अक्षरांत होतं, पण बंदरात ते कधी कुणी घेतलं नाही. बुटकी, रुंद, नाकाला जाड दोरांचा गुंडाळा बांधलेली ही टग, म्हणजे मोठी जहाजं ओढून धक्क्याला आणणारी बोट, त्र्याण्णव वर्षांपूर्वी पाण्यात उतरली. दहा-दहा मजली जहाजं बंदराच्या तोंडाशी येऊन आंधळ्यासारखी थांबायची आणि ठेंगणी जाऊन त्यांचं बोट धरायची. आजोबांनी तिच्यात कोळसा ओढला, वडिलांनी तिचं सुकाणू धरलं आणि मग दोघा भावांनी तिच्यावर सव्वीस वर्षं काढली. थोरले वर चक्रावर, धाकटे खाली इंजिनावर. धाकट्यांना तेव्हापासून सगळं गाव मिस्त्री म्हणू लागलं, अगदी त्यांची बायकोसुद्धा.

मग तो शेवटचा दिवस. कोळशाच्या टग मोडीत काढायचं ठरलं होतं आणि ठेंगणी शेवटचं जहाज सोडून परत येत होती. धक्का जवळ आला, थोरल्यांनी 'पूर्ण मागे'चा हुकूम दिला आणि इंजिन पुढेच ढकलत राहिलं. टग धक्क्यावर जाऊन आदळली. माणूस कुणी दगावला नाही. थोरल्यांचं गळ्याचं हाड मोडलं, आणि जे मोडलं ते काही फक्त हाड नव्हतं. चौकशीत थोरल्यांनी लिहून दिलं, मी हुकूम दिला होता. मिस्त्रींनी लिहून दिलं, घंटा वाजलीच नाही. साहेबांनी खाली शेरा मारला, 'कारण निश्चित करता येत नाही', आणि फाईल बंद केली. फाईल बंद झाली तशी दोघांची तोंडंही.

दोघांच्या बायकांनी मात्र हा अबोला एक दिवससुद्धा पाळला नाही. दोघी जावा रोज दुपारी फोनवर अर्धा तास बोलायच्या आणि घरी नवऱ्यांनी विचारलं तर म्हणायच्या, राँग नंबर होता.

पुढच्या पिढीने तर सगळंच उलटंपालटं केलं. थोरल्यांची मुलगी वेल्डर झाली. तिला घरात-दारात ठिणगी म्हणत. सहा वर्षं तिने आपली प्रत्येक सुट्टी दुरुस्तीगोदीच्या मागे गंजत पडलेल्या ठेंगणीवर घालवली, आणि इंजिन शिकायला गेली ती काकाकडे. मिस्त्रींचा मुलगा शाळेत गणित शिकवणारा, म्हणून मास्तर. ठेंगणी भंगारात जाऊ नये म्हणून त्याने सगळे अर्ज लिहिले, एकशे नऊ अर्ज, आणि प्रत्येक अर्ज आधी थोरल्या काकांना वाचून दाखवला. बापाने वाळीत टाकलेला माणूस मुलांनी आपलासा केला होता आणि त्यावर बोलायची दोघाही बापांना सोय नव्हती.

बंदराच्या पलीकडे जुन्या नौकांचं संग्रहालय होतं. तिथे एकच धक्का रिकामा होता. त्यांची अट स्पष्ट होती: ठेंगणी स्वतःच्या वाफेवर येऊन धक्क्याला लागली, तर ती अख्खी ठेवू. नाही तर धुराडं आणि चक्र तेवढं दालनात मांडू, बाकी भंगार. बंदर खात्याने एका दिवसाची परवानगी दिली, तीही अशी, की चक्रावर आणि इंजिनावर वाफेच्या टगचा जुना परवाना असलेलीच माणसं हवीत. साऱ्या बंदरात असे परवाने असलेली हयात माणसं दोन.

आत्या आधी थोरल्याकडे गेली, मग धाकट्याकडे. दोघांनी ऐकून घेतलं आणि दोघांनी शब्दाला शब्द जुळावा असं एकच उत्तर दिलं: "घंटा आहे ना. बोलायची गरज काय?" धाकट्याच्या जिन्यावरून उतरताना तिला एकटीलाच हसू आलं होतं.

बंदर खात्याचा तपासनीस साडेनऊला आला. चाळिशीचा, शांत, हातात पाटीला लावलेले कागद. बोटीवर प्रमुख कोण, असं त्याने विचारलं. वरून थोरले म्हणाले, मी. खालच्या झाकणातून आवाज आला, इंजिनाचं मला विचारायचं. तपासनीसाने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मग आत्याकडे पाहिलं.

"त्याचं असं आहे साहेब," आत्या म्हणाली, "डोकं वर आहे आणि पाय खाली आहेत. मी मधलं पोट. काही लागलं तर मला सांगा."

तपासनीसाने काहीतरी लिहिलं. काय ते तिला दिसलं नाही, पण त्याच्या मिशीखाली ओठ हलल्यासारखे वाटले.

*

खाली मिस्त्री इंजिनासमोर उभे होते. उलट्या हाताने त्यांनी एकेक सांधा चाचपला. तळहाताला ऊब कळते, हाताच्या पाठीला खोटं बोलणारी ऊब कळते, असं ते ठिणगीला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ती आत्ता तेलाची कुपी घेऊन त्यांच्या मागोमाग फिरत होती आणि ते बोट दाखवतील तिथे थेंब सोडत होती. पलीकडे दोन धट्टेकट्टे स्वयंसेवक भट्टीत कोळसा टाकत होते.

सहा वर्षांपूर्वी ती दारात उभी राहिली होती, काखेत हेल्मेट. काका, मला इंजिन शिकवा. त्यांनी म्हटलं होतं, आधी वडिलांना विचार. तर ती म्हणाली, "त्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील, आणि मग मला ऐकावं लागेल. त्यापेक्षा नकोच विचारायला." मिस्त्रींना तेव्हाच कळलं, की पोरगी हातची घालवायची नाही.

"तबकडी पुन्हा एकदा बघू?" ठिणगीने विचारलं.

इंजिनाशेजारी पितळी खांबावर ती तबकडी होती. तिच्यावर पुढे, हळू, थांब, मागे असे भाग. अशीच दुसरी सुकाणूघरात. वर दांडा फिरवला की डेकखालून गेलेली साखळी ओढली जायची, इथला काटा त्या शब्दावर यायचा आणि घंटा व्हायची. मग मिस्त्री आपला दांडा फिरवून जबाब द्यायचे. वरचा काटा हलला की वरच्याला कळायचं, हुकूम पोचला. शेजारी भिंतीतून एक पितळी नळी वर गेली होती, तोंडाला बूच लावलेली. तिच्यातून हाक मारता यायची. त्या नळीकडे दोघांपैकी कुणी बघत नव्हतं.

"चार वेळा बघून झालंय," मिस्त्री म्हणाले. "आता नजर लागेल तिला."

ठिणगीला ती साखळी बदलायची होती. संग्रहालयाने लेखी कळवलं होतं, की जुने भाग चालत असतील तर जुनेच ठेवावेत. साखळी चालत होती. तिने कडी न् कडी घासून, तेलात भिजवून परत बसवली होती.

घंटा वाजली.

मिस्त्रींचा हात दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. काटा 'हळू पुढे'वर होता. घंटेचे दोन ठोके पडले होते, एक मोठा आणि लगेच एक बारीक. थोरले दांडा नेहमी जरासा पुढे नेऊन मागे आणत. वडील त्यांना त्यावरून बोलायचे, पण ती खोड कधी गेली नाही. बावीस वर्षांनी मिस्त्रींनी तो बारीक ठोका ऐकला. त्यांनी जबाब दिला आणि वाफेची झडप उघडली.

आधी नुसती सुसकारी आली. मग मोठा दट्ट्या अंगावरची गोधडी फेकावी तसा उठला, खाली गेला, पुन्हा उठला. पायाखालची लोखंडी जाळी थरथरली. मागे कुठेतरी पाणी घुसळल्याचा आवाज आला.

"चालली," ठिणगी म्हणाली. मग तिने ते पुन्हा म्हटलं.

मिस्त्रींनी खिशातून बोळा काढून तिच्या गालावरचं तेल पुसलं. गालावर तेलाबरोबर आणखीही काही होतं. "डोळे नंतर. आधी कुपी," ते म्हणाले आणि स्वतःचे डोळे बाहीने पुसले.

*

बंदराने ठेंगणीला ओळखलं. गोदीतून बाहेर पडताच एका मालवाहू जहाजाने भोंगा दिला. थोरल्यांनी दोरी ओढून उत्तर दिलं तेव्हा ठेंगणीचा भोंगा आधी खोकला, मग पाणी ओकला आणि मग असा काही गरजला, की धक्क्यावरची कबुतरं एकदम उठली. नव्या टगमधला एक कप्तान टोपी काढून उभा राहिला. प्रवासी बोटीतले लोक एका बाजूला गोळा झाले आणि त्यांची बोट कलली, तेव्हा तिच्या खलाशाने सगळ्यांना ओरडून जागेवर बसवलं.

थोरल्यांच्या शेजारी मास्तर उभा होता. पुढे नजर ठेवायचं काम त्याला दिलं होतं आणि तो ते वर्गावर हजेरी घ्यावी तसं करत होता. डावीकडे एक बोट. उजवीकडे काही नाही. समोर एक पक्षी.

"पक्षी सांगू नकोस," थोरले म्हणाले.

"बरं काका."

थोरल्यांना हा पुतण्या आवडायचा. त्यांनी चक्र एका बोटाने फिरवून बघितलं. ठेंगणी वळली. तिच्या वळण्यात तीच जुनी ओढ होती, जरा डावीकडे झुकणारी. खाली इंजिन एका लयीत चाललं होतं. त्यांनी 'अर्धं पुढे' दिलं, तर घंटेचा नाद विरायच्या आत जबाबाचा काटा हलला. 'हळू' दिलं, काटा हलला. चालवणारा कुणी दुसरा असता तर एक क्षण तरी उशीर झाला असता. सव्वीस वर्षं हे असंच चालत होतं. दिवसदिवस ते भावाचं तोंड बघत नसत, आणि तरी जगात त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं त्याच्याशीच व्हायचं, फक्त ते सगळं चार-पाच शब्दांतलं असायचं.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचं वाजलं होतं. ठेंगणीला वेळ लागतोय, इंजिन म्हातारं झालंय की मिस्त्री, असं ते खलाशांसमोर हसत म्हणाले होते. मिस्त्री हसले नव्हते. चौकशीत ते कुणी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

संग्रहालयाचा धक्का दिसू लागला. माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यात पुढे, कठड्याला टेकून, दोघी जावा एका छत्रीत. थोरल्यांनी कोट सारखा केला. हळू जाऊन सावकाश लागणं त्यांना सहज जमलं असतं. पण जुन्या टगवाल्यांची एक ऐट होती: वेगाने यायचं, शेवटच्या घटकेला इंजिन पूर्ण उलटं फिरवायचं, आणि पाण्याचा फेस उडवत धक्क्यापासून वीतभर अंतरावर थांबायचं. शाबासकी मिळायची ती त्याला. आज एवढी माणसं बघत होती. थोरल्यांना मिरवायचं होतं.

"काका, जरा जोरात नाही का येत आपण?" मास्तरने विचारलं.

"बघत राहा."

योग्य क्षण आला. त्यांनी दांडा झटक्यात पलीकडे ओढला, 'पूर्ण मागे'.

डेकखाली काहीतरी खट्‌कन वाजलं. जबाबाचा काटा हलला नाही.

इंजिन पुढेच ढकलत होतं. पाय, हात, मोडून सांधलेलं हाड, सगळ्या अंगाने तो क्षण ओळखला. हाच होता तो. तोच धक्का समोर येत होता, तोच न हलणारा काटा, आणि डोक्यात चढणारा तोच राग: मुद्दाम करतोय. त्या दिवशी त्यांनी दांडा चार वेळा ओढला होता. चार वेळा, प्रत्येक वेळी आणखी जोरात, दात आवळून. शेजारी नळी होती. वाकून दोन शब्द बोलायला किती वेळ लागला असता? पण सकाळच्या भांडणानंतर आधी बोलायचं कुणी, म्हणून ते वाकले नव्हते. ही गोष्ट त्यांनी चौकशीत सांगितली नव्हती, बायकोला सांगितली नव्हती, स्वतःलाही सरळ कधी सांगितली नव्हती.

दांड्याकडे दुसऱ्यांदा जाणारा हात त्यांनी मागे घेतला. नळीचं बूच ओढून काढलं आणि वाकले.

"छोट्या, घंटा गेलीय. पूर्ण मागे."

लहानपणचं हाक मारायचं नाव होतं ते. कुठून तोंडात आलं त्यांना कळलं नाही.

नळीतून लगेच उत्तर आलं, इतक्या जवळून, की कुणी कानाशीच उभं असावं. "मागे, दादा."

इंजिन क्षणभर गप्प झालं. खाली झडप मिटल्याचा, दांडा आदळल्याचा, झडप उघडल्याचा आवाज एकात एक मिसळून आला, आणि मग ठेंगणी शेंड्यापासून बुडापर्यंत शहारली. मागचं पाणी पांढरं होऊन दोन्ही अंगांनी पुढे धावलं. धक्का आला, आणखी आला, दोघी जावांचे चेहरे, छत्रीच्या काड्या, कठड्यावरचा गंज दिसेपर्यंत आला, आणि थांबला. नाकावरचा दोरांचा गुंडाळा धक्क्याला टेकला तो म्हशीने गव्हाणीला तोंड लावावं इतक्या हलकेच.

"थांब," थोरले नळीत म्हणाले.

"थांबलो."

धक्क्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. लोकांना वाटलं, हे असंच करायचं असतं. थोरली जाऊ तेवढी धाकटीला म्हणाली, की आज ह्यांनी जरा जास्तच केलं.

*

ठिणगीने डेकवरची फळी उचकटली. सहा वर्षं, आणि शेवटच्या पन्नास हातांवर आपण सगळ्यांना धक्क्यावर आदळवणार होतो, एवढंच तिला दिसत होतं. फळीखाली साखळी दातेरी चाकावरून उतरून सैल पडली होती. चाकाचे दोन दात झिजून गुळगुळीत झाले होते. हळू ओढलं तर साखळी त्यांच्यावरून नीट जायची. तिने प्रत्येक वेळी हळूच ओढून बघितली होती. पुढून एकदम मागे असा हिसका बसला, तरच ती उडायची. चाकाचा तो भाग खांबाच्या आत वळला होता, खांब पुरता सुटा केल्याशिवाय न दिसणारा. झीज कालपरवाची नव्हती. गंजावर गंज चढला होता.

तिने वर पाहिलं. एका बाजूला वडील उभे होते. दुसऱ्या बाजूला झाकणातून काका वर आले होते, काळे, घामाने निथळणारे. मधे आत्या. तिला पहिल्यांदाच मधे उभं राहून काही काम नव्हतं, म्हणून तिने हात बांधले.

"चूक माझी," ठिणगी म्हणाली. "खांब उघडून बघायला हवा होता."

दोघांनी तिचं ऐकलं नाही. दोघं त्या दोन दातांकडे बघत होते.

"तेव्हाही हेच झालं असणार," मिस्त्री म्हणाले. "साखळी उतरलेली सापडली होती, पण सगळ्यांना वाटलं, आदळल्यामुळे उतरली."

"म्हणजे घंटा वाजली नव्हती."

"आणि तू हुकूम दिला होतास."

थोरल्यांनी मान हलवली. ठिणगीला वाटलं, झालं, इतकंच. पण वडील गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, कोटाची पर्वा न करता, तेलकट फळ्यांवर.

"नळी होती छोट्या," ते म्हणाले. "मी वाकलो नाही. सकाळी आपलं वाजलं होतं ना. मी दांडाच ओढत बसलो."

मिस्त्री समोर टेकले. हातातल्या बोळ्याची त्यांनी एकदा घडी घातली आणि मोडली. "मला कळलं होतं. धक्का जवळ आला की पाण्याचा आवाज बदलतो, मला खाली ऐकू येतं. एव्हाना घंटा यायला हवी होती हे मला कळलं होतं. नळी माझ्याकडेही होती. म्हटलं, नाही विचारत. कप्तान आहे ना तो, सांगेल."

"खरं?"

"चौकशीत नाही सांगितलं."

"मीही नाही सांगितलं."

थोरल्यांच्या छातीतून एक आवाज आला. ठिणगी घाबरून पुढे झाली, मग तिला कळलं की ते हसताहेत. मिस्त्रींनी ते बघितलं, त्यांचाही बांध फुटला. आत्याने अशी तोंडं पूर्वी एकदाच बघितली होती, लहानपणी, दोघांनी मिळून वडिलांची टोपी पाण्यात घालवली होती तेव्हा. ती वळून कठड्याशी गेली आणि खालच्या जावांना एवढंच म्हणाली, की झालं. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. एकीने दुसरीच्या हातातून छत्री घेतली, कारण दुसरीला पदर डोळ्यांना लावायचा होता.

संग्रहालयाचे संचालक भाषणाचे कागद घेऊन धक्क्यावर ताटकळत होते. त्यांच्याआधी तपासनीस पुढे झाला. त्याला काहीच सांगावं लागलं नाही. तो निघाल्यापासून टगवरच होता, सगळं बघत होता. इतक्या उशिरा उलटं का फिरवलंत, असं त्याने विचारलं.

"मिरवायला," थोरले म्हणाले.

तपासनीसाने ते लिहिलं नाही. तबकडी नादुरुस्त, एवढी नोंद त्याने केली. नियमाप्रमाणे वरून खाली हुकूम पोचवायचं एक तरी साधन चालू हवं, असं तो म्हणाला, आणि नळी चालते का ते विचारलं.

"चालते," वेगवेगळ्या तोंडांनी पाच जण म्हणाले.

"मग परवानगी सूर्यास्तापर्यंत आहे. एकदा येऊन लागलीय, संग्रहालयाची अट पुरी झाली. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा." मग त्याने विचारलं, त्याची आई धक्क्यावर आलीय, तिला एक फेरी मिळेल का?

संचालकांचं भाषण झालं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण त्या वेळात भट्टीत पुन्हा कोळसा पडत होता आणि जावा एकमेकींचा हात धरून फळीवरून टगवर येत होत्या. थोरलीला लाटांची भीती वाटायची, धाकटीला फळीची, त्यामुळे दोघी एकमेकींना धीर देत वाटेतच थांबल्या आणि त्यांना मास्तरने अक्षरशः उचलून आत घेतलं. तपासनीसाची आई आली. तपासनीस आला. भंगारवाला जो धुराड्याखालचं सगळं न्यायला म्हणून येऊन थांबला होता, तोही मागे कुठेतरी चढला.

"हळू पुढे," थोरले नळीत म्हणाले. ठेंगणी धक्का सोडून बाहेर पडली. या खेपेला ऐट नाही, घाई नाही. आत्या सुकाणूघरात बाकावर बसली होती, पाय लांब करून. खाली निरोप न्यायचा नव्हता, वर आणायचा नव्हता. खिडकीतून ऊन येत होतं. तिला वाटलं, डुलकी काढावी.

तेवढ्यात नळीतून आवाज आला. "दादा."

"बोल. वाफ कमी पडतेय का?"

"वाफ ठीक आहे." थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं. "वहिनी म्हणत होती, तुला झोप लागत नाही. खरं का?"

"तुला कोण म्हणालं?"

"ती हिला म्हणाली, ही मला म्हणाली."

थोरल्यांनी खिडकीतून पुढच्या डेककडे बघितलं. दोघी जावा नाकाशी बसून पाण्याकडे बोट दाखवत काहीतरी बोलत होत्या, जणू त्या गावच्याच नाहीत.

"नाही लागत," ते म्हणाले.

"मलाही नाही. कधीपासून?"

थोरल्यांनी टोपी काढून तबकडीच्या खांबावर ठेवली. "तू आधी सांग."

"मी आधी विचारलंय."

"मी थोरला आहे."

"म्हणूनच तू आधी सांग."

आत्याने डोळे मिटून घेतले. मास्तरने विचारलं, काका, समोर बंदराचं तोंड आहे, वळायचं की परत जायचं? थोरल्यांनी मान न वळवता चक्र त्याच्या हातात दिलं, त्याला हाताने गोल खूण केली, आणि नळीवर पुन्हा वाकून सांगायला लागले.

मास्तरने चक्र फिरवलं आणि ठेंगणीने दुसरी फेरी घेतली. मग तिसरी.